समोर दार असलेली गाडी

सरू मोकलची गाडी तयार होऊन तीन आठवडे झाले होते, पण आणायला दिवस सापडत नव्हता. आधी गणपती आले. पेणच्या एस.टी. स्टँडासमोरच्या तिच्या एसटीडी बूथवर सकाळपासून रांग लागायची, तिथून हलायची सोय नव्हती. गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवी वस्तू आणायची नाही, असा खारगोठणहून आईचा, बायजाबाईचा, दोनदा निरोप आला.

शेवटी रोह्याहून दत्तात्रेयचाच फोन आला. हा दत्तात्रेय धाटावच्या कारखान्यांना फायबरच्या टाक्या बनवून देणारा माणूस. गाडी त्यानंच बनवली होती.

"सरूताई, सोमवारी मी वापीला निघतोय. महिनाभर तरी येत नाही. रविवारी न्या, नाहीतर मग दिवाळीनंतर."

तो रविवार सर्वपित्री अमावास्येचा होता. १९९५ साल. सरूनं पंचांगाकडं पाहिलं, मग कोपऱ्यात टेकून ठेवलेल्या कुबडीकडं पाहिलं. "रविवारी येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सरू तेव्हा एकतीस वर्षांची होती. तिसऱ्या वर्षी पोलिओनं डावा पाय नेला. तेव्हापासून पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, कुबडी आणि दुसऱ्याच्या वाहनाची वाट बघणं. गावाला जायचं तर वडखळजवळच्या फाट्यावर उतरून, कोणाची सायकल, कोणाचा टेंपो येतो का बघत ताटकळायचं. म्हणून दत्तात्रेयनं एकदा बूथवर फोन करायला आला असताना त्याच्या छोट्या गाडीचा नकाशा कागदावर काढून दाखवला, तेव्हा तिनं तो कागद परत दिलाच नव्हता. गाडीला रिक्षाचं इंजिन आणि रिक्षाचं हँडल बसणार होतं. म्हणजे क्लच हातात, गिअर हातात. पायाला काम एकच, ब्रेकचं, आणि ते उजव्या पायाला. ओळखीच्या रिक्षावर महिनाभर शिकून सरूनं हात बसवला होता.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं ती रोह्याला निघाली. सोबत काळुराम मामा होता. मामा म्हणजे बायजाबाईचा धाकटा भाऊ. त्याचा जन्म मिठागरात गेला. आता गुडघे धरले म्हणून दुपारचा तो सरूच्या बूथवर बसायचा. निडी स्टेशन गेल्यावर तो म्हणाला, "आज उधानाची भरती हाय."

"मग? आपण काय होडी आणतोय?" सरू हसून म्हणाली.

मामानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

धाटावला शेडमध्ये गाडी ताडपत्रीखाली होती. दत्तात्रेयनं ताडपत्री ओढली. गाडी भगव्या रंगाची होती आणि एवढीशी, की तिच्या शेजारी उभा दत्तात्रेय राक्षसासारखा दिसत होता. स्कूटरची चार चाकं, दोन माणसांची एकच बैठक, मागं इंजिन. बाजूला दार नव्हतंच. दार समोर होतं, गाडीच्या नाकाच्या जागी, कपाटासारखं उघडणारं. ज्याला पाय वाकवता येत नाही त्याला समोरून चढून वळून बसणं सोपं, असा त्याचा हिशोब होता. हँडलचा दांडा मध्येच मुडपून बाजूला सारता येत होता. दोन्ही बाजूंना सरकत्या काचा, त्याही वीतभर.

सरू आत शिरली, वळली, बसली. कोणी हात दिला नाही, कोणाला हाक मारावी लागली नाही. तिनं दार ओढून घेतलं. रबराच्या पट्टीवर ते असं घट्ट बसलं की बाहेरचा आवाज एकदम तुटला. दत्तात्रेयचे ओठ हलताना दिसत होते, शब्द नव्हता. तिनं काच सरकवली.

"...पाण्याचा थेंब आत येणार नाही," तो सांगत होता. "टाकीसारखीच बांधलीय. फक्त हँडलच्या दांड्यापाशी एक भोक आहे, ते मला बुजवता आलं नाही."

"अशा किती बनवल्यात तुम्ही?"

"ही एकच. आणि दुसरी बनवणार नाही." त्यानं हात पुसायच्या फडक्याशी चाळा केला. "मागच्या महिन्यात हिला तपासायला कोलाडपर्यंत नेली. ढाब्यांपाशी दोनदा ट्रकनं मला रस्त्याच्या खाली घातलं. त्यांची चूक नाही हो. त्यांना ही दिसतच नाही. म्हणून मग भगवा रंग दिला."

मामानं गाडीभोवती एक चक्कर मारली. वाकून पुढची कड एका हातानं धरली आणि उचलली. सरूसकट गाडीचं नाक जमिनीपासून सुटलं. त्यानं ते हळूच खाली ठेवलं.

"वजन नाय हिला," तो दत्तात्रेयला म्हणाला. "वजन नसलेली वस्तू जमिनीला धरून ऱ्हात नाय."

दत्तात्रेयनं नारळ फोडला. नारळ कुजका निघाला. त्यानं घाईघाईनं दुसरा आणला, तो चांगला निघाला.

दहाच्या सुमाराला ती दोघं निघाली. मामाचा खांदा सरूच्या खांद्याला घट्ट लागून होता आणि इंजिनाचा आवाज पाठीतून दातांपर्यंत येत होता. पहिले चार किलोमीटर सरूला दुसरं काही सुचलं नाही. आपण हँडलला पीळ दिला की गाडी पळते, आपण सोडला की थांबते, एवढंच तिच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं. सायकलवरची माणसं मागं पडली तेव्हा ती मोठ्यानं हसली. कोणाला मागं टाकायची तिची ती पहिलीच वेळ होती.

भिसे खिंडीच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरवर आली. मागून टँकर आला. आरशात सरूला आधी त्याचा बंपर दिसला, मग बाजूच्या काचेतून फक्त चाकं दिसू लागली. हॉर्न वाजला नाही. वाजवायचं कारणच नव्हतं, पुढं कोणी आहे हे वर बसलेल्याला ठाऊकच नसावं. सरूनं गाडी गटाराच्या कडेला घातली. टँकर अगदी घासून गेला. त्याच्या वाऱ्यानं गाडी हलली, नुसती हलली नाही, तर एका बाजूनं हलकी झाली आणि पुन्हा टेकली.

"थांबायचं का गो?" मामानं विचारलं.

"नको. थांबलं तर परत सुरू करायला भीती वाटेल."

नागोठण्याच्या पुलावर मात्र मामानंच थांबायला सांगितलं. खाली अंबा नदी उलटी चालली होती. भरतीचं पाणी खाडीतून वर घुसलं होतं. गवताचे पुंजके, तुटकी चप्पल, एक प्लास्टिकचा डबा, सगळं डोंगराच्या दिशेनं निघालं होतं. पाण्याला आवाज नव्हता. मामा बराच वेळ खांबांकडं बघत राहिला.

"अजून दोन तास भरनार हे," तो म्हणाला. "आणि आताच बघ कुठं लागलंय. पोरी, आपन सरळ पेनला जाऊ. गावाला उद्या जा."

"आईनं बाबांचं पान वाढून ठेवलं असेल. मी येईपर्यंत ती घास घेणार नाही, तुला माहीत आहे."

"एक दिवस उपाशी ऱ्हायली तर मरत नाय माझी भैन."

आईचं पान हे खरं होतं, पण ते एकच कारण नव्हतं. एवढी वर्षं ज्या रस्त्यावर तिनं वाट बघितली होती, त्या रस्त्यावरून तिला आज स्वतःच्या हातानं जायचं होतं, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तिनं गाडी पुलावरून पुढं काढली.

वडखळला दुकानांतून लोक बाहेर आले. कोणी म्हणालं खेळणं, कोणी म्हणालं अंडं. त्यापुढच्या फाट्यावर सरूनं हँडल डावीकडं वळवलं, आणि हसणं, हॉर्न, हमरस्ता सगळं मागं पडलं.

खारगोठणचा रस्ता चार किलोमीटरचा, खडीचा, एकच वाहन जाईल एवढा. डाव्या हाताला लोंब्या भरलेला भात, त्याच्या पलीकडं खाडीचा मातीचा बांध. उजव्या हाताला जुनी मिठागरं, भातापेक्षाही खोल, पावसाचं पाणी धरून पडलेली. आकाश स्वच्छ होतं. वारा नव्हता. शेतात माणूस नव्हतं, हे सरूच्या उशिरा लक्षात आलं.

मामाच्या लक्षात दुसरंच आलं होतं. "हळू घे," तो म्हणाला.

रस्त्यावर चिंबोऱ्या होत्या, खाडीतले खेकडे. एक-दोन नव्हे, शेकड्यांनी. बांधाच्या बाजूनं येऊन, रस्ता ओलांडून त्या मिठागराकडं निघाल्या होत्या. चाकाखाली कवचं फुटू लागली. मामानं काच सरकवून फटीतून खाली बघितलं.

"बांधातली बिळं सोडून चालल्यात," तो म्हणाला. "आत पानी शिरलंय."

पुढच्या मोरीपाशी, रस्त्याखालून पाणी जायच्या छोट्या पुलापाशी, गुणाजी धावत येताना दिसला. गुणाजी गावच्या उघाडीवर लक्ष ठेवणारा माणूस. उघाडी म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार, ओहोटीला उघडायचं आणि भरतीला मिटायचं. त्यानं गाडी बघितली, पण तिचं नवल करायला त्याला वेळ नव्हता.

"काळूदादा! बरा आलास! उघाडीची वरची फळी बसत नाय. पोरं सगली कंपनीत, शिफ्टला. गावात आमी सात जन हाव, आनि फळीचं काम कोनाला येत नाय!"

मामानं दार ढकललं आणि उतरला. त्याचे गुडघे उतरताना नेहमी कुरकुरायचे. त्या वेळी तो विशीतल्या पोरासारखा उतरला.

"सरू, तू माघारी फीर. इथंच वळव गाडी आनि हमरस्ता गाठ."

"आणि आई?"

"बायजाला आमी बघू. तू फीर!"

तो गुणाजीच्या मागं शेताच्या बांधावरून निघाला. एकदाही वळून बघितलं नाही. भगव्या गाडीत सरू एकटी राहिली. गाव समोर दिसत होतं, फार तर एक किलोमीटर. देवळाचा कळस, त्याच्या खाली कौलं, आणि सगळ्यात सखल टोकाला, सगळ्यात शेवटी तिच्या आईचं घर. त्या घरात पासष्ट वर्षांची बाई दार उघडं ठेवून बसली होती, लेक येईल म्हणून.

सरूनं क्लच सोडला आणि गाडी पुढं घेतली.

अर्धं अंतर गेली असेल नसेल. आवाज असा काही झालाच नाही. डावीकडच्या भाताच्या रंगात फरक पडला एवढंच. हिरव्या-पिवळ्या शेताच्या पलीकडच्या कडेला तपकिरी रेघ उठली आणि ती रुंद होत निघाली. रेघेच्या पुढं भात आडवा होत होता, वारा नसताना. तेव्हा कुठं तिला कळलं. बांध फुटला होता. गावाच्या भाषेत, खांड गेली होती.

तिनं पीळ देता येईल तेवढा दिला. पाणी आधी रस्त्याच्या कडेला आलं, मग खडीतून झिरपल्यासारखं चाकांपाशी, मग रस्ता दिसेनासा झाला. कडेला रोवलेल्या खुंट्यांच्या अंदाजानं ती चालवत राहिली. मागं इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. तिनं सुरू करायचा दांडा ओढला. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा हातातलं हँडल एकदम हलकं झालं. डावीकडं फिरवलं तरी काही नाही, उजवीकडं फिरवलं तरी काही नाही.

गाडी रस्त्यावरून उचलली गेली होती.

ती तरंगत होती. पाणी तिला आडवी घेऊन मिठागराकडं निघालं. आत सगळं कोरडं होतं आणि इतकं शांत, की सरूला आपल्या कॅलिपरच्या चामड्याची करकर ऐकू येत होती. काचेबाहेरून पेंढ्याची गंजी गेली. तिच्यावर दोन कोंबड्या बसल्या होत्या. मग गाव हळूहळू फिरत बाजूला गेलं आणि मागून परत समोर आलं. गाव फिरत नव्हतं, गाडी गरगरत होती.

दार समोर होतं आणि बाहेरून पाणी त्याला दाबून धरत होतं. सरूनं दोन्ही हातांनी ढकललं. दार भिंतीसारखं उभं राहिलं. काचांच्या फटीतून तिचं डोकंही गेलं नसतं. मग हँडलच्या दांड्यापाशी बुडबुडा आला, आणि त्या भोकातून करंगळीएवढी धार आत पडू लागली. पाणी खारट आणि थंड होतं. उजवा पाय तिनं वर ओढला. डावा तसाच पाण्यात राहिला.

तिनं हाका मारल्या. घट्ट बसलेल्या त्या पेटीत आपला आवाज आपल्याच कानांवर आदळतोय हे कळल्यावर थांबली. रडली नाही. पाणी घोट्यावर आलं, मग नडगीवर. आणि मग तिला जाणवलं की आपली पाठ खाली चालली आहे आणि गुडघे वर येताहेत. आत भरलेलं पाणी मागं सरकत होतं. इंजिन मागं होतं, सगळं वजन मागं होतं. गाडीचं बूड बुडत होतं आणि नाक वर उचललं जात होतं. समोरच्या काचेत आता पाणी नव्हतं, आकाश येत होतं.

थांबायचं, तिनं ठरवलं. दाराची खालची कड पाण्याबाहेर येईपर्यंत थांबायचं. त्याआधी उघडलं तर सगळं एका दमात भरेल. पाणी कमरेला आलं आणि ती दाराच्या खटक्यावर बोटं ठेवून बसून राहिली. केवढा वेळ गेला ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही.

गाडी कशाला तरी धडकून थांबली. मिठागराचा आतला बांध होता तो, देवळाच्या मागचा. सरूनं खटका ओढला आणि खांद्यानं दार ढकललं. दार उघडलं. तिनं दोन्ही हातांनी कडा धरून स्वतःला बाहेर ओढलं, निर्जीव पाय मागून ओढला गेला, आणि बांधाच्या चिखलात ती पोटावर पडली. मागं गाडीनं मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज केला आणि ती बसली. वर फक्त भगवा टवका राहिला.

पाणी बघून गावातल्या बायका देवळाच्या उंच जोत्यावर येऊन उभ्या होत्या. त्यातली एक पदर खोचून कमरेएवढ्या पाण्यातून आली. बायजाबाईच होती. तिनं लेकीला काखेत हात घालून उठवलं, जोत्यावर नेऊन बसवलं, आणि तिचं तोंड, मान, हात चाचपत राहिली, जणू काही मोजून घेत होती.

"काळू कुठाय?" तिनं विचारलं.

सरूनं खाडीच्या दिशेनं बोट केलं.

पाच वाजता ओहोटीनं पाणी उतरलं तेव्हा बांधावरची माणसं परतली. सातच आली. गुणाजी सगळ्यांत मागं होता, आणि तो जोत्याच्या पायरीपाशीच खाली बसला.

"वरची फळी त्यानं बसवली," तो म्हणाला. "आमी दुसरी आनायला गेलू. तो उघाडीवरच उभा व्हता. खांड त्याच्या पायाखालीच गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठागराच्या पार दुसऱ्या टोकाला मामा सापडला.

खांड बुजवायला अठरा दिवस लागले. दोनदा भरली, दोनदा वाहून गेली. तिसऱ्यांदा कंपन्यांतून सुट्या घेऊन पोरं आली तेव्हा टिकली. भाताचा दाणा हाती आला नाही. बांधातली बिळं तीन वर्षं सगळ्यांना दिसत होती, आणि पुढच्या पावसाळ्याआधी बुजवू असं तीन वर्षं सगळे म्हणत होते. हे आता सगळे एकमेकांना सांगत होते. सरूनं ते ऐकलं. ते खरं होतं. पण मामा त्या दिवशी पेणला बूथवर बसला असता, आणि तिनंच त्याला आपल्या गाडीतून तिथं आणून सोडलं, हेही खरं होतं. एका खऱ्यानं दुसरं पुसलं जात नव्हतं.

बायजाबाई तिला महिनाभर काही बोलली नाही. एकदाच, भाकरी थापता थापता म्हणाली, "मी बोलले व्हते, नको आनू त्या दिवशी."

"बोललेलीस," सरू म्हणाली.



गाडी दोन माणसांनी चिखलातून उचलून रस्त्यावर ठेवली होती. दिवाळीत दत्तात्रेय वापीहून आला, मामाचं ऐकलं आणि रस्त्यावरच इंजिन खोलून त्यातलं मीठ धुवायला बसला. गाडी परत नेतो म्हणाला. सरूनं नको म्हटलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी बायजाबाईला डोळे दाखवायला पेणला न्यायचं होतं. सरूनं गाडी घराच्या दारात आणली, दार उघडलं. शेजारची जागा रिकामी होती. बायजाबाईनं त्या जागेकडं बघितलं, पिशवी काखेला मारली आणि पायी निघाली.

"आई, चार किलोमीटर आहे."

"हाय तर हाय."

सरूनं गाडी पहिल्या गिअरवर टाकली आणि तिच्या बाजूनं, तिच्या चालीनं चालवत राहिली. डावीकडं मिठागरात पाणी उभं होतं. उजवीकडं खाऱ्यानं जळलेलं शेत आणि त्याच्या पलीकडं नव्या मातीचा बांध, अजून ओला. मोरीपाशी बायजाबाई थांबली, बांधाकडं तोंड करून उभी राहिली. सरूनं इंजिन बंद केलं. खाडी भरत होती. मग म्हातारी पुन्हा चालू लागली, आणि सरूनं गाडी सुरू करायचा दांडा ओढला.